यूडोरा वेल्टी यांच्या गावातील मुलांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहरात व आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांना आमच्या वाचक मंडळाची ही कळकळीची विनंती आहे. नोकरीच्या, शिक्षणाच्या निमित्ताने आपण ज्या गावात स्थिरावलो, त्याच गावात कथालेखिका यूडोरा वेल्टी यांचा 1909 मध्ये जन्म झाला आणि 2001 मध्ये येथेच त्यांचे निधन झाले. पाइनहर्स्ट स्ट्रीटवरील ज्या घरात त्या सोळाव्या वर्षी आईवडिलांसोबत राहायला आल्या, तेच घर शेवटपर्यंत त्यांचे राहिले. 1973 मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाल्यावरही त्यांनी गाव सोडले नाही.

गेल्या काही महिन्यांत मंडळाचे सभासद दोन-तीन वेळा हे घर पाहून आले. 2006 पासून ते सर्वांसाठी खुले आहे. सोफ्यावर, टेबलांवर, जिथे जागा मिळेल तिथे पुस्तकांचे ढीग तसेच ठेवलेले आहेत. पाहुणा आला की त्याला बसायला आधी पुस्तके उचलावी लागत असणार. वरच्या मजल्यावरील निजायच्या खोलीत, खिडकीजवळ, त्या टंकलेखन करीत. टंकलिखित पाने कात्रीने कापायची, परिच्छेद मागेपुढे करायचे आणि शिंपी कापडाला टाचण्या लावतो तसे ते तुकडे टाचणीने जोडायचे, अशी त्यांची पुनर्लेखनाची रीत होती.

पुस्तकांचे हे वेड घरातूनच आलेले होते. एकदा घराला आग लागली तेव्हा कुबड्यांवर चालणाऱ्या त्यांच्या आईने आत परत जाऊन डिकन्सचे चोवीस खंड खिडकीतून खाली टाकले आणि मग स्वतः उडी घेतली. खाली झेलायला वडील उभे होते. याच आईने गावच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन ग्रंथपालबाईंना बजावले होते की, माझ्या मुलीला हवे ते पुस्तक वाचू द्या, मग ते मोठ्यांचे असो वा लहानांचे. एका वेळी दोनच पुस्तके मिळत. ती संपवून मुलगी पुन्हा वाचनालयाची वाट धरी.

पण आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते ते त्यांचे देणे. 1955 मध्ये ड्यूक विद्यापीठात रेनॉल्ड्स प्राइस या विद्यार्थ्याची कथा वाचून ती आपल्या साहित्यिक प्रतिनिधीला दाखवण्याची तयारी त्यांनी आपण होऊन दर्शवली, आणि पुढे तोच विद्यार्थी नामवंत कादंबरीकार झाला. 1963 मध्ये, गोरे आणि कृष्णवर्णीय यांना एकत्र बसू न देणाऱ्या याच शहरात, मिलसॅप्स महाविद्यालयातील आपले कथावाचन सर्वांना खुले असावे असा त्यांनी आग्रह धरला, आणि तसे ते झाले. दक्षिणेतील लेखकांची संघटना 1987 मध्ये उभी राहिली, तिच्या संस्थापक सदस्यांत त्या होत्या. आपली हस्तलिखिते त्यांनी 1957 पासूनच राज्याच्या अभिलेखागाराला द्यायला सुरुवात केली आणि पुढे राहते घरही राज्याच्या नावे केले. स्वतःपुरते असे त्यांनी फारसे काही राखले नाही, असेच म्हणावे लागेल.

या गावाचे ऋण थोडे तरी फेडावे, या भावनेने मंडळाने दोन कामे हाती घ्यायचे ठरवले आहे. शहरातील वाचनालयांच्या बालविभागांसाठी नवी पुस्तके घेऊन द्यायची आणि येत्या हिवाळ्यात दर शनिवारी मुलांसाठी लेखनाची मोफत कार्यशाळा चालवायची, जिला कोणत्याही भाषेचे, कोणत्याही समाजाचे मूल येऊ शकेल. पहिल्या वर्षासाठी सहा हजार डॉलर उभे करण्याचा संकल्प आहे. ज्यांना जमेल त्यांनी पन्नास डॉलर द्यावेत. ज्यांना तेवढे शक्य नसेल त्यांनी फूल ना फुलाची पाकळी द्यावी. पैशांइतकीच माणसांचीही गरज आहे. महिन्यातून एक शनिवार दोन तास देऊन मुलांची वाक्ये आस्थेने ऐकणारी मोठी माणसे हवी आहेत, आणि त्यासाठी लेखक असण्याची मुळीच अट नाही.

देणगी धनादेशाने मंडळाच्या खजिनदारांकडे द्यावी. प्रत्येक रकमेची पावती मिळेल आणि वर्षअखेरीस पूर्ण हिशेब सभेत मांडला जाईल. वेळ देऊ इच्छिणाऱ्यांनी दिवाळीपूर्वी आपले नाव कळवावे, म्हणजे शनिवार वाटून घेता येतील. कागद, कात्र्या आणि टाचण्या मंडळ आणणार आहे.

आपले नम्र,
कार्यकारिणी, मराठी वाचक मंडळ, जॅक्सन