मेगापिक्सेल पुरे, माउंट छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळी जवळ आली की पुरवण्यांमध्ये कॅमेऱ्यांच्या जाहिराती झळकू लागतात : २४ मेगापिक्सेल, दोन लेन्स, शिवाय बॅग, ट्रायपॉड आणि मेमरी कार्ड मोफत. पहिलाच लेन्स बदलता येणारा कॅमेरा घेणाऱ्या हौशी माणसाने जे आधी बघायला हवे, ते मात्र त्यात कुठेच नसते. ए-फोर आकाराची उत्तम छपाई करायला ९ मेगापिक्सेल पुरतात. उरलेल्या पंधराचे कौतुक कशाला?

बघायचा तो माउंट, म्हणजे बॉडी आणि लेन्स जिथे जुळतात ती कडी. बॉडी चार-पाच वर्षांत बदलली जाते, लेन्स राहतात. म्हणून दुकानात 'कोणता कॅमेरा चांगला' हे विचारण्याआधी 'याला पुढची लेन्स कोणती मिळेल आणि कितीला' हे विचारावे. कॅननची ईएफ-एम मालिका बंद झाली, पण तिचे कॅमेरे जुन्या बाजारात स्वस्तात दिसतात आणि मोह होतो. अडचण मिलिमीटरची आहे. माउंटपासून सेन्सरपर्यंतचे (प्रकाश टिपणाऱ्या पट्टीपर्यंतचे) अंतर ईएफ-एममध्ये १८ मिमी, कॅननच्याच नव्या आरएफ माउंटमध्ये २०. त्यामुळे ईएफ-एमची लेन्स आरएफ बॉडीवर चढवायची तर अ‍ॅडाप्टरला, म्हणजे मधल्या जोडकडीला, जागाच उरत नाही. उलट डीएसएलआरच्या, म्हणजे आत आरसा असलेल्या जुन्या धाटणीच्या कॅमेऱ्यांच्या, ईएफ लेन्सना ४४ मिमी लागतात. मधल्या २४ मिमीत अ‍ॅडाप्टर आरामात बसतो आणि जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालतात.

निकॉनमध्ये फसगत वेगळी. डी ३००० आणि डी ५००० मालिकेच्या बॉडीत फोकस फिरवणारी मोटर नाही. जुनी ५० एमएम एफ १.८ 'एएफ-डी' लेन्स (एफ आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते) त्यांवर बसते, प्रकाशाच्या झरोक्याची, म्हणजे अ‍ॅपर्चरची, उघडझापही नीट होते, पण फोकस हातानेच करावा लागतो. हीच लेन्स 'एएफ-एस', म्हणजे मोटर लेन्समध्येच असलेली, असेल तर प्रश्न नाही. फरक नळीवरच्या दोन अक्षरांचा, आणि तो गिऱ्हाइकाला बहुधा घरी गेल्यावर कळतो.

दोन लेन्सच्या संचाबद्दलही थोडे. १८-५५ एमएम ही किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी, ठाण्याच्या मासुंदा तलावावरच्या संध्याकाळपर्यंत ठीक. शाळेच्या स्नेहसंमेलनात, मंद उजेडात, ती ५५ एमएमवर बहुधा एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. एफ १.८ ची लेन्स तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते : जिथे हिला आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदना) १६०० पुरतो तिथे किटला १६००० लागतो, आणि चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखा दिसतो. ऐरोलीच्या बोटीतून फ्लेमिंगो टिपायचे असतील तर मात्र किमान २५०-३०० एमएम हवे आणि शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद. लेन्समधली स्थिरता यंत्रणा तुमचा हात सावरते, पक्ष्याचे पंख थांबवत नाही. म्हणजे स्नेहसंमेलन की खाडी, हे ठरवून दुसरी लेन्स निवडावी. संचात आली म्हणून नव्हे. मोफत ट्रायपॉडवर तर अशी लांब पल्ल्याची टेलिलेन्स चढवूच नये, वाऱ्याच्या झुळकीने डोलतो.

आता आपल्याकडची खरी शत्रू : बुरशी. खाडीकाठच्या हवेत पावसाळाभर दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर असतो आणि रेक्झिनच्या बॅगेत, कपाटात कोंडलेल्या लेन्समध्ये ती हमखास धरते. वापरलेली लेन्स घेताना अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून मोबाइलचा टॉर्च मारावा आणि तिरके बघावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले की लेन्स परत. साफ करून मिळते म्हणतात, पण काचेवरचा लेप खाल्ला गेला असेल तर तो भरून येत नाही. धूळ वेगळी, चार कणांनी काही बिघडत नाही. सेन्सर तपासायला एफ १६ वर कोऱ्या भिंतीचा, मुद्दाम आउट ऑफ फोकस फोटो काढावा. डाग तेवढे उठून दिसतात.

घरी ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारे कपाट, परवडत नसेल तर रबरी कडेचा हवाबंद प्लास्टिक डबा, आत पाव किलो सिलिका जेल (ओल शोषणारे खडे) आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांवर ठेवावा. निळे जेल गुलाबी झाले की ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर तापवून पुन्हा वापरता येते. त्यात कोबाल्ट असते, म्हणून स्वयंपाकाच्या भांड्यात नको. एसीतून थेट बाहेर काढलेल्या कॅमेऱ्यावर दव धरते, तेव्हा अर्धा तास बॅग बंदच राहू द्यावी.

शेवटी बिल. जीएसटी बिलावर बॉडीचा आणि लेन्सचा क्रमांक लिहून घ्यावा, खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि एमआरपी असल्याची खात्री करावी. ते नसेल तर माल 'ग्रे'चा, म्हणजे अधिकृत आयातदाराला टाळून आलेला; चार पैसे कमी पडतील, पण भारतातली वॉरंटी मिळत नाही.

आपल्या जाहिरात विभागाने दुकानदारांना एवढे सुचवावे : मेगापिक्सेलच्या शेजारी माउंटचे नाव आणि लेन्सचा एफ आकडा छापा.

आपला,
एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई