डोंगराला सुट्टी, गणपतीला नाही?

व्हिस्प, स्वित्झर्लंड
सोमवार, 28 जुलै 2025

ती. आजी, आई, बाबा यांस,
आशूचा शि. सा. नमस्कार.

मी बरी आहे. गेल्या आठवड्यात फोन दोनदा मध्येच तुटला, मग लागलाच नाही. जांबोटीकडं पाऊस धरला की लाईट जाते आणि लाईटीमागोमाग टॉवर जातो, हे मला माहीत आहे, त्यामुळं घाबरले नाही. पण आईचा प्रश्न अर्धवट राहिला आणि तो आठ दिवस डोक्यातून जात नाही. शिवाय आजीला फोनवर ऐकू येत नाही. म्हणून पत्र. बाबा, आजीला मोठ्यानं वाचून दाखवा. शेवटचं पान मात्र आधी तुम्ही दोघांनी वाचा.

आई, तू म्हणालीस, "डोंगर हिंडायला सुट्टी मिळतीया, गणपतीला मिळत न्हाई काय गं?"

ती सुट्टी नव्हती, रविवार होता. 13 जुलै. सकाळी गेले, अंधार पडायच्या आत खोलीवर आले. एकटीही नव्हते. कंपनीतली एक मल्याळी मुलगी बरोबर होती. फोटो ती काढत होती, म्हणून फोटोत दिसत नाही. आणि फोटोत मागं जो बर्फ दिसतो तो लांब वर आहे. आम्ही पाण्याच्या कडेनं चाललो.

त्या धरणाचं नाव माटमार्क. इथून सास नावाच्या खोऱ्यात बस जाते, ती बदलून दुसरी बस थेट धरणापाशी सोडते. उंची 2197 मीटर. आपलं कळसूबाई 1646. म्हणजे कळसूबाईपेक्षा साडेपाचशे मीटर वर आणि तिथवर बसनं. चोर्ला घाटासारखी वळणं आहेत, पण मला एकदाही मळमळलं नाही. पिवळी बस असते, पोस्टखात्याची. समोरचं दिसत नाही अशा वळणावर ड्रायव्हर तीन सुरांचा हॉर्न वाजवतो, सनईवाल्यानं सूर लावून बघावा तसा. हिवाळ्यात बर्फामुळं ती बस धरणापर्यंत जातच नाही. तेव्हा थंडीत मी तिथं जाईन ही काळजी तर मनातूनच काढ. तुला कर्नाटकच्या बसमध्ये आधार कार्ड दाखवलं की शून्याचं तिकीट मिळतं. मला इथं अर्ध्या तिकिटाचं कार्ड काढावं लागलं, पण रविवारच्या फेऱ्यांत ते वसूल होतं. पैसे उडवत नाही.

आता एक गोष्ट आजीला नीट सांगा, कारण ती तिलाच पटेल. इथं डोंगरातल्या वाटांवर पिवळ्या पाट्या असतात. गावाचं नाव, बाण आणि पुढं आकडा. पहिल्यांदा मला वाटलं किलोमीटर असतील. नव्हेत, ते तास आणि मिनिटं असतात. ज्या देशात सगळं मोजूनमापून चालतं तिथं वाट वेळेत सांगतात! आजी, कणकुंबीच्या जत्रेला जाताना तू म्हणायचीस, "लांब न्हाई, एक पान खाईस्तवर यील." अगदी तसंच. फरक इतकाच की इथं त्या पानाचा हिशेब ठरलेला आहे. सपाटीवर माणूस तासाला 4.2 किलोमीटर चालतो असं धरतात, चढ-उतार असेल तसा वेळ वाढवतात आणि थांबायला, खायला, पाणी प्यायला त्यात एक मिनिटसुद्धा धरत नाहीत. हे मला सुरुवातीला ठाऊक नव्हतं. पाटीवर एक तास लिहिलंय आणि मला दीड लागतोय, म्हणून छाती फुटेपर्यंत चालायची. मग ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी समजावलं. पाटी वाचायची, आपला एक तृतीयांश त्यात मिळवायचा आणि शेवटच्या बसच्या वेळेतून उलटं मोजत यायचं. तेव्हापासून मी तसंच करते. शेवटची बस कधीच चुकली नाही.

दुसरं म्हणजे रंग. नुसती पिवळी खूण असली तर वाट साध्या बुटांची. पांढरा-लाल-पांढरा पट्टा असला तर डोंगराची, चांगले बूट हवेत. पांढरा-निळा-पांढरा म्हणजे दोर आणि बर्फ. त्या निळ्या खुणेच्या वाटेला मी जात नाही आणि जाणारही नाही. अशा वाटा देशभर मिळून 65,000 किलोमीटर आहेत. पायवाटा सांभाळायच्या हे लोकांनी 1979 साली मतदान करून राज्यघटनेतच घालून घेतलंय. बाबा, तुम्हाला हे आवडेल. आपल्याकडं एकाच्या बांधावरून गेलं की भांडण. तुम्ही भाषेचंही विचाराल म्हणून सांगते. या एकाच कँटनमध्ये, म्हणजे इथल्या राज्यात, खालच्या बाजूला फ्रेंच, वरच्या बाजूला जर्मन. मध्ये एका स्टेशनावर गावाचं नाव दोन्ही भाषांत लिहिलेलं आहे. मी तिथं उतरून मुद्दाम पाटीचा फोटो काढला. तुमच्यासाठी ठेवलाय.

तलावाला पूर्ण फेरी आठेक किलोमीटरची. चढ जवळजवळ नाहीच. आजीएवढ्या बायका काठ्या घेऊन चालत होत्या. एक प्राणी दिसला, मांजराहून मोठा, मातीच्या रंगाचा, मागच्या पायांवर उभा राहून शीळ घालतो आणि बिळात पळतो. तलावाच्या पार टोकाला उभं राहिलं की वर एक खिंड दिसते, तिच्या पलीकडं इटली.

पाणी हिरवट निळं, गार, वास नसलेलं. ते बघताना मला हिडकलचं धरण आठवत होतं. आजी, त्यात बुडालेलं तुझं हुन्नूर. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तू म्हणायचीस, "चला, माझा विठ्ठल वर आला असंल." आम्ही पोरं सहलीसारखी नाचत यायचो. तू देवळासमोर उभी राहून काहीच बोलायची नाहीस आणि आम्हाला वाटायचं तू दमलीस. इथं तलावाच्या काठी घटकाभर बाजूला एकटी उभी राहिले तेव्हा मला ते नीट कळलं.

पुढचं लिहू की नको असा विचार करत होते. आई घाबरेल. पण फोटोतला पाटीचा दगड तू विचारलास, तर खोटं कशाला सांगू. हे धरण बांधायला इटलीहून, स्पेनहून मजूर आले होते. त्यांच्या बराकी हिमनदीच्या अगदी खाली बांधल्या होत्या. 30 ऑगस्ट 1965 ला संध्याकाळी सव्वापाचच्या सुमाराला त्या अलालिन हिमनदीचं टोक तुटलं. वीस लाख घनमीटर बर्फ आणि दगड अर्ध्या मिनिटाच्या आत बराकींवर आले. 88 माणसं गेली. त्यांतली 56 इटलीची. पुढं 1972 साली खटल्यात सगळे 17 आरोपी सुटले आणि अपिलात हरलेल्या घरच्यांनाच कोर्टाचा निम्मा खर्च भरायला लागला. हे मी परत आल्यावर वाचलं आणि त्या रात्री झोप आली नाही.

आज तिथं भीती नाही, हे आधी वाच. हिमनदी खूप वर हटली आहे, तिच्यावर कायम लक्ष ठेवतात. आणि काही झालंच तर 144 फिरवला की मदत येते. पण त्या दगडासमोर उभं राहून मला एकच वाटत होतं, की यांतल्या प्रत्येकानं घरी लिहिलं असेल, "मी बरा आहे, काळजी करू नका, पैसे पाठवतोय."

(हे पान आधी तुम्ही दोघांनी वाचा.)

बाबा, सोसायटीच्या हप्त्याचे आणि कौलं बदलायचे मिळून दीड लाख पाठवलेत. जमा झाले की दादाला मेसेज करायला सांगा. कौलं आता पावसात काढू नका, दिवाळीनंतर बघा. तोवर माडीवर ताडपत्री घाला, त्याला मागंपुढं बघू नका. डोळ्याची पट्टी काढली तेव्हा मी नव्हते. आईनं सांगितलं, तुम्ही पट्टी काढल्यावर पहिल्यांदा फोनवर माझा फोटो मागितला. यावर मला काही लिहिता येत नाही.

गडहिंग्लजच्या स्थळाचं. मुलगा चांगला असेल. मी नाही म्हणत नाही. पण त्यांना होकार कळवण्याआधी मला त्याच्याशी दोन-तीनदा बोलू द्या, आणि मी इथं किती दिवस आहे हे त्याला खरं सांगा. ते खरं हे: मी करार आणखी एक वर्षानं वाढवला. सही 10 जुलैला केली, धरणावर गेले त्याच्या तीन दिवस आधी. तीनदा फोनवर सांगायचं ठरवलं आणि तीनही वेळा आई पावसाचंच बोलत राहिली, मग मीही पावसाचंच बोलले.

आणि गणपतीचं. कंपनीत ऑगस्टअखेर मशीनं उघडून तपासणी असते, तेव्हा आमच्या विभागात कुणालाच सोडत नाहीत. हे खरं आहे. पण माझी बारा दिवस सुट्टी शिल्लक आहे हेही खरं आहे. मी भांडले असते तर कदाचित पाच दिवस मिळाले असते. मी भांडले नाही. नवीन करार होता, वाईट दिसेल असं वाटलं. ते बारा दिवस डिसेंबरसाठी ठेवलेत. तिकीट या महिन्यात काढते. बेळगावला उतरले की स्टँडवर कुणी थांबू नका, जांबोटीची बस मला ठाऊक आहे.

वहिनीला यंदा मोदकाचं सारण माझ्या वाटणीचंही करायला सांगा. आरतीच्या वेळी लाईट असली तर व्हिडिओ लावा, नसली तर नको, उगीच दादाला उंबऱ्याबाहेर पावसात उभं करू नका.

तुमची,
आशू

ता. क. आई, बुटांची किंमत विचारली होतीस. वापरलेले घेतलेत, 40 फ्रँकला. तळ चांगला आहे, घसरत नाहीत.