माननीय सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना: माझी काठी परत घ्या

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी नागपूरच्या महाल भागात राहतो. वय ६६, बँकेतून निवृत्त, आणि गेली ३२ वर्षं हौशी नट. तुमच्या खात्याची राज्य नाट्य स्पर्धा आली की आमच्या घरी दिवाळीचा फराळसुद्धा तालमीच्या वेळा पाहून होतो. लिहितोय ते एवढ्यासाठी, की नाटक-सिनेमातले म्हातारे आणि तरुण दोघंही त्याच ठरलेल्या साच्यातले असतात.

पहिला म्हातारा मी पंचेचाळिशीत केला. केसांना पावडर, खांद्यावर शाल, हातात काठी. आता केस आपसूक पांढरे झालेत, पण काठी काही सुटत नाही. तालमीला मी सायकलने जातो आणि ती काठी कॅरिअरला बांधून नेतो. चौकातला पानवाला रोज विचारतो, "काका, सायकल चालवता अन् काठी कायले?" संहितेत माझ्या वाक्यांआधी कंसात ठरलेला शब्द असतो, 'खोकत'. यंदा मोजलं, ११ वेळा. मला दम्याचा त्रास नाही.

यंदाच्या नाटकात माझ्या मुलाचं काम करणारा पोरगा मिहानमध्ये, म्हणजे इथल्या औद्योगिक भागात, नोकरीला आहे. नाटकात तो मला अडगळ म्हणतो आणि घर नावावर करून मागतो. परवा तालमीत मध्येच थांबला. म्हणाला, "काका, हे वाक्य मी काऊन म्हणू? माझी आजी पहिल्या रांगेत बसणार आहे." त्याचा मोठा भाऊ पुण्यात असतो. तो काही आईबाप जड झाले म्हणून गेला नाही. त्याच्या शिक्षणाची नोकरी इथे मिळाली नाही. विदर्भातली कितीतरी घरं अशीच रिकामी झालीत. पण मालिकेत आणि सिनेमात मुलगा गाव सोडतो तो संस्कार कमी पडले म्हणूनच. नोकरी हे कारण लेखकाला फार साधं वाटत असावं.

'नटसम्राट' रंगभूमीवर आलं १९७० साली. त्यातला बेलवलकर नुसता बिचारा नाही हो. तो हट्टी आहे, अहंकारी आहे, त्याचंही चुकतं. पुढच्यांनी त्याची शाल तेवढी उचलली, त्याचा माज उचलला नाही. सासूसुनेबद्दल तर लिहीतच नाही, ते सगळं रोज संध्याकाळी घरोघरी चालूच असतं.

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या भागातून मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, तुम्हाला ठाऊकच असेल. सोबत बडगे असतात, म्हणजे ज्याच्यावर राग आहे त्याचे पुतळे. बडग्याचा चेहरा कुणाशी जुळावा लागत नाही, गळ्यात पाटी अडकवली की काम झालं. आमच्या नाटकांतला कृतघ्न मुलगा आणि मोबाइलमध्ये डोकं घातलेली नात हे असेच बडगे. फरक एवढाच, की खरे बडगे त्याच दिवशी जाळतात आणि पुढच्या वर्षी नव्या विषयावर नवे करतात. आमचे हे पन्नास वर्षं तेच चाललेत.

आता तुमच्या हातात काय आहे ते लिहितो. सिनेमाचं सेन्सॉर केंद्राचं, मालिकाही तुमच्या अखत्यारीत नाहीत, आणि असत्या तरी कात्री चालवा असं मी म्हटलं नसतं. पण मराठी चित्रपटांचं अनुदान, राज्य पुरस्कार आणि आमची स्पर्धा ही कामं राज्याची आहेत. तिथे परीक्षक आणि समितीचे सदस्य नेमता तेव्हा यादीत नावापुढे वय छापा. विशी-तिशीतले किती आहेत ते सगळ्यांना दिसू दे. नसतील तर दोन-चार नेमा. कृतघ्न मुलाची गोष्ट पाहून मान डोलावणारे सगळेच त्या मुलाच्या बापाच्या वयाचे असले, तर दुसरी गोष्ट कोण लिहील?

दुसरं, म्हातारा कोण ते तरी ठरवा. तुमच्या मानधन योजनेत कलावंत पन्नाशीला ज्येष्ठ होतो. आईवडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा ६० म्हणतो. एसटी ६५ला अर्धं तिकीट देते आणि २०२२ पासून ७५च्या पुढे फुकट नेते. म्हणजे शासनालाही म्हातारपणाच्या पायऱ्या कळतात. मात्र ज्येष्ठांसाठीच्या सरकारी जाहिरातीत चित्र कुणाचं, तर काठी टेकणाऱ्या वाकलेल्या माणसाचं. ते चित्र बदलायला शासन निर्णयही लागू नये.

आमच्यापुरता उपाय आम्ही केलाय. पोरग्याने ते वाक्य स्वतः बदललं. आता मुलगा घर मागत नाही, पुण्याला चला म्हणतो, आणि बाप महाल सोडायला तयार नाही. प्रवेश पूर्वीपेक्षा दहा मिनिटांनी लांबलाय, कारण दोघंही ऐकत नाहीत. दिग्दर्शक वैतागलेत. त्यांना वेळेची चिंता आहे, आणि काठी हवीच असा हट्टही.

डिसेंबरात अधिवेशनासाठी नागपूरला याल, तेव्हा एखाद्या संध्याकाळी तालमीला या. सातला सुरू करतो म्हणतो, पण पोरगा ड्युटीवरून येईपर्यंत आठ वाजतात. तोवर तर्रीपोह्याची सोय आहे.

आपला,
एक हौशी नट
महाल, नागपूर