‘टर्की’ उतरली म्हणजे मूल सुटले नाही

संपादक महोदय,

गर्द (ब्राउन शुगर, म्हणजे हेरॉइन) किंवा ट्रामाडॉल या वेदनाशामकाच्या गोळ्यांत अडकलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला आठ दिवस कोंडून ठेवले की तो सुटतो, ही समजूत घरोघरी आणि काही केंद्रांतही टिकून आहे. ती मुलांच्या जिवावर बेतते.

गर्द बंद केल्यावर ८ ते १२ तासांत जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा सुरू होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उलट्या, जुलाब, हाडे ठणकणे, झोप उडणे हे सारे टोकाला जाते. नशा तुटल्यावरच्या या त्रासालाच ‘टर्की’ म्हणतात. मुले पळतात ती इथेच. या त्रासावर सर्वांत प्रभावी औषध ब्युप्रेनॉर्फिन आहे. अमेरिकेत ते १६ वर्षांपासून मान्य आहे, आणि तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये किशोरांसाठी अशा औषधोपचाराची शिफारस केली.

मात्र पहिली गोळी देण्याची वेळ चुकली तर सगळे बिघडते. ब्युप्रेनॉर्फिन मेंदूत गर्दच्याच जागी, पण त्याहून घट्ट बसते आणि परिणाम अर्धाच करते. अंगात गर्द असताना ते दिले तर टर्की एकदम उसळते. मग मुलाचा औषधावरचा विश्वास कायमचा उडतो. म्हणून शेवटच्या गर्दनंतर किमान १२ तास थांबायचे, लक्षणे स्पष्ट दिसू द्यायची, मग डॉक्टरांसमोर २ ते ४ मिलिग्रॅम द्यायचे आणि तास-दोन तासांनी तपासून पुढचे ठरवायचे. मेथाडोन हे अंगात जास्त काळ टिकणारे अफूवर्गीय औषध घेणाऱ्याला याहून बराच जास्त वेळ थांबावे लागते. गोळी जिभेखाली ५ ते १० मिनिटे विरघळू द्यावी. गिळली तर बहुतांश वाया जाते आणि ‘औषध लागू पडत नाही’ अशी तक्रार येते.

क्लोनिडिन हा दुसरा पर्याय. घाम, धडधड, अस्वस्थता कमी होते. गर्दची ओढ मात्र तशीच राहते. जुलाबांनी कोरड्या पडलेल्या हडकुळ्या मुलाचा रक्तदाब त्याने झपकन उतरतो. प्रत्येक मात्रेआधी आडवे आणि उभे करून दाब मोजावा; ९०/६० च्या खाली असेल तर मात्रा टाळावी. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १३ ते १८ वयाच्या ३६ मुलांपैकी ब्युप्रेनॉर्फिनवरची ७२ टक्के, तर क्लोनिडिनवरची ३९ टक्के मुले २८ दिवस उपचारात टिकली.

खरी चूक यानंतर होते: गोळी दोन आठवड्यांत बंद करण्याची घाई. २००८ च्या अभ्यासात १५ ते २१ वयाच्या १५२ जणांपैकी दोन आठवड्यांत औषध संपवलेल्यांतले जेमतेम २१ टक्के बाराव्या आठवड्यापर्यंत उपचारात राहिले; औषध चालू ठेवलेल्यांतले ७० टक्के. नवव्या आठवड्यापासून मात्रा उतरवत नेल्यावर मात्र त्यांच्यातही गर्दचा वापर पुन्हा वाढला. टर्की उतरलेल्या शरीराची सहनशक्ती घटलेली असते. पूर्वीच्याच मापाची पुडी मग श्वास थांबवते. सोबत ‘बटन’सारख्या झोपेच्या गोळ्या किंवा दारू असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणून किशोरांवर उपचार करणाऱ्या प्रत्येक केंद्रात गर्दचा असर उतरवून श्वास परत आणणारे नॅलोक्सोनचे इंजेक्शन हाताशी असलेच पाहिजे. गर्द थांबून किमान ७ ते १० दिवस झाल्याशिवाय नाल्ट्रेक्सोन हे गर्दची नशा चढू न देणारे औषध मात्र सुरू करू नये.

अल्पवयीन मुलाला मानसिक आरोग्य केंद्रात दाखल करायचे तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार त्याला प्रौढांपासून वेगळे ठेवावे लागते आणि जवळचे माणूस सोबत राहावे लागते. केंद्र निवडताना पालकांनी हे विचारावे, आणि मनोविकारतज्ज्ञ रोज येतात का हेही. मार्गदर्शनासाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

– एक मनोविकारतज्ज्ञ, पुणे