निखिलला पत्र: रॅटच्या एका रिसेप्टरविषयी

पुणे

प्रिय निखिल,

लेक झाल्याचं वाचून फार आनंद झाला. वहिनींचं आणि तुझं मनापासून अभिनंदन! बाळाला सगळी प्रतिकारशक्ती पहिल्या दुधातूनच मिळते असं काकू म्हणतात, ते खरं का, असं तू विचारलंयस. दूध हवंच, त्यातली प्रतिपिंडं बाळाचं आतडं सांभाळतात. पण रक्तात फिरणारी आयजीजी प्रतिपिंडं तुझ्या लेकीला जन्माआधीच वारेतून मिळाली आहेत, त्यातली बरीचशी शेवटच्या तीन महिन्यांत. ती आईकडून बाळाकडे पोचवणारं प्रथिन म्हणजे एफसीआरएन, आयजीजीला धरून ठेवणारा एक रिसेप्टर (पेशीवरचं, ठरावीक रेणू पकडणारं प्रथिन). सध्या मी त्याच्याच रॅटमधल्या (रॅट म्हणजे मोठ्या जातीचा उंदीर) रूपावर काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रॅटच्या पिलांना आयजीजी मिळते ती मुख्यतः जन्मानंतर, दुधातून. साधारण तीन आठवडे त्यांचं आतडं ती जशीच्या तशी रक्तात घेतं, मग ती वाट बंद होते. वेल्समधल्या बँगरचे शास्त्रज्ञ ब्रॅम्बेल यांनी यामागे एखादा रिसेप्टर असणार हे तर्काने ओळखलं होतं. मोठ्यांच्या रक्तात प्रतिपिंडं टिकतात तीही अशाच रिसेप्टरमुळे, असं त्यांनी सहकाऱ्यांसह १९६४ मध्ये मांडलं. या रिसेप्टरचं, म्हणजेच एफसीआरएनचं, प्रत्यक्ष जनुक हाती लागायला १९८९ उजाडलं. सिमिस्टर आणि मॉस्टॉव्ह यांनी ते नवजात रॅटच्या आतड्यातूनच मिळवलं.

पुढे अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेत पामेला ब्योर्कमन यांच्या गटाने या प्रथिनाची पेशीच्या पटलात रुतणारी शेपटी काढून टाकली, उरलेल्या भागाचं जनुक हॅमस्टरच्या पेशींत घातलं आणि पाण्यात विरघळणारं रिकॉम्बिनंट (असं जनुक घालून बनवलेलं) प्रथिन मिळवलं. १९९४ मध्ये त्याची स्फटिकरचना (स्फटिकावरून काढलेला त्याचा त्रिमितीय आकार) प्रसिद्ध झाली. ठेवण ‘एमएचसी वर्ग १’ या प्रथिनांसारखी (ही पेशीतल्या प्रथिनांचे तुकडे प्रतिकारपेशींना दाखवतात), सोबतीला तेच बीटा-२-मायक्रोग्लोब्युलिन हे छोटं प्रथिन. पण एमएचसीत पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा तुकडा, बसतो ती खाच इथे मिटलेली. मला ही रचना फार सुंदर वाटते.

त्याहून सुंदर त्याचं काम. पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) ६च्या आसपास हा रिसेप्टर आयजीजीला घट्ट धरतो आणि रक्ताच्या ७.४ला सोडून देतो. आयजीजीवरच्या हिस्टिडिन या अमिनो आम्लांवर आम्लात धन प्रभार येतो, त्यावर ही पकड अवलंबून असते. पिलाच्या आतड्यात किंचित आम्ल असतं, तिथे धरायचं आणि पलीकडे रक्तात सोडायचं. मोठेपणी हेच काम रक्तवाहिन्यांच्या पेशींत चालतं: पेशीने रक्ताचा घोट आत घेतला की इतर प्रथिनं पचून जातात, आयजीजी मात्र वाचून परत रक्तात येते. म्हणून माणसात तिचं अर्धायुष्य (प्रमाण निम्मं व्हायला लागणारा काळ) सुमारे २१ दिवस आहे. आजची कितीतरी प्रतिपिंड-औषधं काही आठवड्यांतून एकदाच टोचावी लागतात, त्यात या रिसेप्टरचा मोठा वाटा आहे.

आता माझ्या कामाचं. माणसाचा एफसीआरएन फार चोखंदळ. छोट्या उंदराची (माउसची) आयजीजी तो जवळजवळ धरतच नाही. माउस आणि रॅट यांचा एफसीआरएन मात्र माणसासकट अनेक प्राण्यांची आयजीजी धरतो. म्हणजे नवं औषध रॅटमध्ये किती दिवस टिकलं, यावरून माणसात किती टिकेल हे सरळ सांगता येत नाही. आम्ही रॅटचा आणि माणसाचा, दोन्ही रिसेप्टर मोजणी-यंत्राच्या वेगवेगळ्या चिपवर बसवतो, वरून औषध सोडतो आणि पकड दोन्ही पीएचला मोजतो. सहाला धरलं एवढं पुरत नाही, ७.४ला सुटलंही पाहिजे, नाहीतर औषध पेशीलाच चिकटून राहतं. हे मोजमाप प्राण्यांना हात लावण्याआधीच व्हावं, असा माझा ठाम आग्रह आहे. जो प्रश्न चिपवर सुटतो त्यासाठी जिवंत रॅट का वापरायचे?

तुझ्या मावशींना मायस्थेनिया (स्वतःच्याच प्रतिपिंडांमुळे स्नायू दुबळे होण्याचा आजार) आहे, म्हणून हेही सांगतो. एफगार्टिजिमॉड हे औषध या रिसेप्टरची जागाच अडवतं, मग आयजीजी वाचत नाही आणि तिच्यातली त्रास देणारी प्रतिपिंडंही कमी होतात. अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये त्याला मान्यता मिळाली. मावशींना ते चालेल की नाही हे त्यांचे न्यूरॉलॉजिस्टच ठरवतील, पण पुढच्या भेटीत नक्की विचारा. त्यांचे रिपोर्ट मला पाठवलेस तर प्रश्नांची यादी करायला मी मदत करीन.

काकूंना नमस्कार.

तुझा,
मंदार