आई-बाबा, मी बाकूतच राहते आहे

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा बोलता बोलता गप्प झाले आणि फोन आईच्या हातात दिला. म्हणून हे पत्र लिहिते आहे. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षात अझरबैजानने पाकिस्तानची बाजू घेतली, टीव्हीवर त्या देशावर बहिष्कार टाका म्हणून सुरू झालं, लोकांनी सहली रद्द केल्या, तेव्हापासून तुमचा एकच प्रश्न आहे: अशा देशाच्या राजधानीत, बाकूत, तू अजून कशाला राहतेस? माझं कंत्राट संपत आलं होतं. ते मी वाढवून घेतलं आहे. हे आधीच सांगून टाकते. आता कारणं वाचा.

आई, तू रोज वाऱ्यावादळाचं विचारतेस. मी समुद्रात नसते गं. बाकूच्या दक्षिणेला साधारण ५५ किलोमीटरवर संगाचाल टर्मिनल आहे, तिथे किनाऱ्यावर माझं काम चालतं. अझेरी सेंट्रल ईस्ट नावाचा समुद्रातला नवा तेल-प्लॅटफॉर्म एप्रिल २०२४ पासून तेल देतो आहे, आणि त्याची कंट्रोल रूम समुद्रात नाही, संगाचालला आहे. तिथल्या यंत्रणेची देखभाल आमच्या टीमकडे आहे. हेलिकॉप्टर नाही, बोट नाही, रोज बसने घरी.

बाबा, तुम्हाला संगाचाल एका फेरीत कळेल. उरणला मुंबई हायचं तेल पाइपलाइनने यायचं, तुम्ही त्यातला गॅस वेगळा करून ते स्टॅबिलाइझ, म्हणजे साठवायला आणि पुढे पाठवायला सुरक्षित, करायचात. इथेही तेच. फरक एवढाच की उरणला मालक एक होता आणि इथे पुष्कळ आहेत. मला इथे बांधून ठेवलंय ते या पुष्कळ मालकांच्या व्यवस्थेनेच.

अझेरी, चिराग आणि गुनाश्ली ही तीन तेलक्षेत्रं बाकूपासून शंभर किलोमीटरहून लांब, कॅस्पियन समुद्रात आहेत. तिथलं तेल काढण्याचा करार झाला २० सप्टेंबर १९९४ रोजी. तेव्हा हा देश स्वतंत्र होऊन तीनच वर्षं झाली होती, आणि आर्मेनियाशी चाललेली काराबाखची लढाई त्याच वर्षी मे महिन्यात थांबली होती. तिजोरीत काही नाही, सोव्हिएत काळातली यंत्रं थकलेली, आणि तेल शंभर मीटरहून खोल पाण्याखाली. एकट्याने ते काढणं शक्यच नव्हतं. मग ब्रिटिश, अमेरिकन, नॉर्वेजियन, तुर्की, एवढंच काय रशियन कंपनीही भागीदार झाली. पुढे जपानी आल्या, हंगेरीची आली. २०१३ मध्ये अमेरिकन हेस कंपनीचा वाटा ओएनजीसी विदेशने घेतला. आज आपला वाटा तीन टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे बाबा, ज्या ओएनजीसीत तुमची उमेदीची वर्षं गेली, तिची परदेशात काम करणारी ही कंपनी, तीही इथे भागीदार आहे. बहिष्काराच्या बातम्यांमध्ये हे कुणी सांगितलं नाही.

ही भागीदारी रोजच्या रोज कशी चालते, ते बघण्यासारखं आहे. काम बीपी ही ब्रिटिश कंपनी करते, पण मनाला येईल तसा खर्च तिला करता येत नाही. वर्षाचं काम आणि बजेट आधी सगळ्यांसमोर ठेवायचं, मंजूर झालं की ज्याचा जेवढा वाटा तेवढे पैसे त्याने भरायचे. कुणी उशीर केला तर करारातली कलमं आहेत, आणि हिशेब तपासायला प्रत्येकाचे ऑडिटर. तेल आलं की आधी खर्च वसूल, उरलेलं नफ्याचं. २०१७ मध्ये करार २०४९ पर्यंत वाढवला, तेव्हा त्या नफ्याच्या तेलातला ७५ टक्के भाग सरकारचा ठरला आणि त्यांच्या सोकार या सरकारी तेल कंपनीचा वाटा २५ टक्के झाला. १९९४ मध्ये हात बांधलेल्या देशाने तेवीस वर्षांनी हे मिळवलं. मला त्याचं फार कौतुक वाटतं.

आणि ती पाइपलाइन! कॅस्पियनला बाहेर जायला वाट नाही, म्हणून तेल बाकूहून जॉर्जियातून तुर्कस्तानातल्या जेहान बंदरापर्यंत न्यायचं. १,७६८ किलोमीटर, सगळी जमिनीखालून, मध्ये डोंगर. मे २००५ मध्ये इकडे तेल सोडायला सुरुवात केली आणि ते दुसऱ्या टोकाला पोचलं मे २००६ मध्ये. एक अख्खं वर्ष पाइप भरण्यात गेलं! ते वाचलं तेव्हा मला आपल्या घरची पावसाळ्यानंतर भरणारी विहीर आठवली.

बाबा, तुमचा राग मला कळतो. मे महिन्यात मीही झोपले नव्हते. सहकारी माझ्याशी काय बोलतील याची धास्ती होती. कुणी काही बोललं नाही. शिफ्टवरच्या मुलीने नेहमीसारखा चहा ओतून दिला आणि आम्ही अलार्मची यादी बघत बसलो. सरकारं काय भूमिका घेतात ते त्यांच्या त्यांच्या राजधानीत ठरतं. इथे ज्यांचे देश एकमेकांवर रागावलेले असतात ते लोक एकाच व्हॉल्व्हच्या आकड्यावर सह्या करतात, कारण आकडा चुकला तर नुकसान सगळ्यांचं. मी हे रोज डोळ्यांनी बघते. मला ते सोडून यायचं नाही.

दुसरं कारण जास्त जड आहे. इथलं तेल उतरणीला लागलंय. २०१० मध्ये दिवसाला आठ लाखांहून जास्त पिंपं निघत होती, आता त्याच्या निम्मीही निघत नाहीत. पुढची वीस-पंचवीस वर्षं ही क्षेत्रं सांभाळून चालवायची तर इथल्याच तरुणांना ही यंत्रणा हातात घ्यावी लागेल. मी दोघींना शिकवते आहे. अर्धवट शिकवून निघाले तर ते मला आयुष्यभर सलेल.

तेल संपतं म्हणजे काय, ते मी बाकूजवळच्या सुराखानीला पाहिलं. तिथे आतेशगाह नावाचं अग्निमंदिर आहे. सतरा-अठराव्या शतकात मुलतानकडचे व्यापारी आणि साधू तिथे राहायचे. आई, तिथल्या शिलालेखांमध्ये गणेशाला नमस्कार केलेला देवनागरीत वाचता येतो. मी तो हात जोडूनच वाचला. जमिनीतून आपोआप निघणाऱ्या गॅसवर ती ज्वाला जळत होती. आसपास एवढं तेल-गॅस उपसलं की १९६९ मध्ये ती विझली. आता शहराच्या गॅस पाइपने पेटवतात. हजारो मैल चालत आलेल्या लोकांचा अग्नी आमच्याच धंद्याने विझवला, याचं मला वाईट वाटतं. म्हणूनच जे उरलंय ते नीट हिशेबाने काढलं जावं, असं मनापासून वाटतं.

तुम्ही दोघं इथे या. बाबा, राग असला तरी या, उरणच्या माणसाला संगाचाल दाखवायची परवानगी मी आधीपासून मागायला लागते. हिवाळ्यात नको, इथला उत्तरेचा वारा आईच्या कानाला सोसणार नाही. सप्टेंबर बरा. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला वेगळं कळवा, आईला लपवायची सवय आहे. आईच्या पासपोर्टची मुदत संपत आली आहे, या आठवड्यातच नूतनीकरणाचा अर्ज भरा. येताना कोकम आणि भाजणी आणा, बाकी सगळं इथे मिळतं.

तुमची लेक