त्या अकरा फॉर्मबद्दल

प्रिय चिनू,

परवा फोन आधी कोणी ठेवला ते मला आठवत नाहीये, पण शेवटचं वाक्य माझं होतं एवढं नक्की आठवतंय. "तू काल लागलायस तिथे, मोठ्यांच्या कागदावर बोट ठेवायला जाऊ नकोस." तू काहीच बोलला नाहीस. तुझं ते गप्प होणं मला माहितीये, आजीच्या वेळेसही तू असाच गप्प झाला होतास. बाबा म्हणतायत फोन कर, मोकळी हो, पण फोनवर मी परत तेच बोलेन हे मला ठाऊक आहे, म्हणून टाइप करतेय. पाठवायच्या आधी खोडता तरी येतं.

आणि हो, आधीच सांगते, तुझ्या सरांबद्दल आणि नोकरीबद्दल यात एक अक्षर लिहिणार नाहीये.

त्या दिवशी तू काय सांगत होतास ते मी खरं म्हणजे ऐकलंच नव्हतं, ती काम मिळवून देणाऱ्या ट्रेनिंगची योजना, तिच्यावरच्या अहवालाचं काहीतरी, "सरांच्या ड्राफ्टमध्ये चूक" एवढंच कानावर पडलं आणि पोटात गोळा आला. रात्री वहीच्या मागच्या पानावर मांडून बघितलं. समजा 100 जण ट्रेनिंगला आले, 40 जण मधेच सोडून गेले, राहिलेल्या 60 पैकी 45 जणांना काम लागलं. ड्राफ्टमध्ये 45 ला 60 ने भागलंय, म्हणजे 75 टक्के, आणि त्यावरून शिफारस की योजना सगळीकडे न्या. पण आले तर 100 होते ना रे. मग ते 45 टक्के झाले. बरं, गेलेले 40 का गेले तेही कोणी विचारलेलं नाही, काहींना आधीच काम लागलं असेल, काहींना रोजचं येणं झेपलं नसेल, म्हणजे ते 45 सुद्धा बरोबर आहेत की नाही कोणास ठाऊक. आणि तू ते दुसरं म्हणालास, की जे ट्रेनिंगला आलेच नाहीत त्यांच्यातल्या किती जणांना तसंही काम लागलं असतं, ते कुठेच लिहिलेलं नाही. हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. तुझं बरोबर आहे चिनू. मी तुला चूक म्हटलंच नव्हतं, मी फक्त घाबरले होते.

म्हणजे ते सर इतकी वर्षं हेच काम करतायत, त्यांचं नाव आहे, त्यांना राग आला आणि पुढच्या कामातून तुला हळूच बाजूला काढलं तर तू कोणाला सांगणार? बघ, आलंच ते.

तुला मी एक गोष्ट कधी सांगितलेली नाही. बाबांनाही नीट माहीत नाही.

तू दीड वर्षाचा असताना मी ते घरोघरच्या सर्वेचं काम करायचे, ताईला आठवत असेल, खांद्यावरची ती कापडी पिशवी आणि त्यातले लांब फॉर्म. एका घराला पाऊण तास लागायचा. घरात माणसं किती, कोणाचं वय काय, कोण किती शिकलं, आजारी कोण पडलं, पाणी कुठून आणता. शेवटच्या आठवड्यात तुला ताप भरला, उतरेचना, आणि माझे अकरा फॉर्म राहिले होते. सुपरवायझरला सांगितलं तर म्हणाले, भरून टाका, कोण बघतंय. मी तुझ्या पाळण्याशेजारी जमिनीवर बसून एका रात्रीत अकरा घरं भरली. अकरा घरांतली माणसं मी तयार केली. निळं पेन आणि काळं पेन आलटून पालटून वापरलं, वेगवेगळ्या दिवशी भरल्यासारखं दिसावं म्हणून. वयं लिहिताना तर फार काळजी घेतली, 30, 35, 40 असं गोल काही लिहायचं नाही, 31, 37, 43 असं लिहायचं, म्हणजे खरं वाटेल.

आणि मागच्या वर्षी तू किती उत्साहाने फोनवर सांगत होतास, की आई, वयाच्या आकड्यांवरून डेटा कसा आहे ते कळतं, ज्यांना स्वतःचं वय नक्की माहीत नसतं ते अंदाजाने शून्य किंवा पाचने संपणारा आकडा सांगतात, आणि हे मोजायला व्हिपल नावाचा निर्देशांक आहे, 100 आला तर ठीक आणि 500 आला तर सगळीच वयं शून्य-पाचवर. मी म्हटलं, अरे वा. तुला वाटलं मला कळलं नाही. चिनू, मला सगळं कळलं. इतर घरांतल्या म्हाताऱ्या माणसांनी मला साठ, पासष्ट, सत्तरच सांगितलं होतं, आणि माझ्या त्या अकरा घरांत एकही गोल वय नव्हतं. खरं वाटावं म्हणून जे केलं त्यावरूनच पकडता आलं असतं, कोणी बघितलं असतं तर. कोणी बघितलं नाही. ते फॉर्म वर गेले, त्यांची बेरीज झाली, त्यावरून कोणीतरी काहीतरी ठरवलं असेल, एखादा नळ इकडचा तिकडे गेला असेल. मला कधीच कळणार नाही.

त्या रात्रीचं कारण तू होतास असं मी म्हणत नाहीये हं, तसं मुळीच मनात आणू नकोस. काम माझं होतं. एवढंच सांगायचंय की तू आकड्यांची शीट उघडलीस की त्यातल्या प्रत्येक चौकोनात कोणीतरी बसून काहीतरी लिहिलेलं असतं, आणि तिच्या घरी त्या रात्री काय चाललं होतं ते चौकोनात नसतं. म्हणून जमेल तेव्हा ज्यांनी फॉर्म भरले त्यांच्याशी बोल. एकदा तरी त्यांच्याबरोबर घरोघर हिंड, कुठला प्रश्न विचारताना त्या घाईत पुढे जातात, कुठल्या प्रश्नाला समोरची बाई नवऱ्याकडे बघते, ते बघ. हे तुला कुठल्या कोर्सात शिकवलं नसेल तर माझ्याकडून घे.

परवा रात्री झोप नव्हती म्हणून तू पूर्वी पाठवलेली ती लिंक शेवटी उघडली, थॉमस हर्नडनची. तेव्हा मी नुसता अंगठा पाठवला होता, वाचलं नव्हतं. तोही विद्यार्थीच ना. राइनहार्ट आणि रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांचा 2010 चा पेपर, देशाचं कर्ज उत्पन्नाच्या 90 टक्क्यांच्या वर गेलं की अर्थव्यवस्थेची वाढ कोसळते असं सांगणारा, सरकारं त्याच्या आधाराने खर्चाला कात्री लावत होती, आणि या मुलाला क्लासचा गृहपाठ म्हणून तेच आकडे परत काढायचे होते. निघेचनात. त्याला वाटलं असेल आपलंच चुकतंय. मग त्याने त्या दोघांकडे शीट मागितली, त्यांनी दिली, आणि सरासरीच्या सूत्रात पाच ओळी घ्यायच्याच राहिल्या होत्या, पाच देश. शिवाय काही वर्षं सोडलेली, आणि कुठल्या देशाला किती वजन द्यायचं तेही वेगळं. 2013 मध्ये त्याने त्याच्या दोन प्राध्यापकांबरोबर ते मांडलं, तर जिथे उणे 0.1 टक्के वाढ होती तिथे अधिक 2.2 आली. मला यातलं काय भावलं सांगू, त्याचे प्राध्यापक त्याच्या बरोबर उभे राहिले ते. आणि ज्यांची चूक निघाली त्यांनी मागितल्यावर शीट दिली ते. शीटमधली चूक त्यांनी मान्य केली, निष्कर्ष काही पूर्ण सोडला नाही, तो वाद पुढे चाललाच. पण शीट दिली. तुझे सर तसे आहेत का रे? मला फक्त एवढंच जाणून घ्यायचंय. तुझ्या बाजूने कोण आहे तिथे?

परत तेच. सोड.

ताई झाली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, बाळाला पालथं झोपवा, उलटी झाली तर घशात अडकणार नाही. किती पटण्यासारखं वाटतं ना ते? चार महिने मी तिला पालथंच झोपवलं, मान एका बाजूला करून. नंतर तूच मला दाखवलंस की हा सल्ला जवळजवळ पन्नास वर्षं पुस्तकांतून दिला जात होता, आणि 2005 मध्ये तोपर्यंतचे सगळे अभ्यास कोणीतरी एकत्र मांडले तेव्हा लक्षात आलं की पालथं झोपवलं तर बाळ झोपेत अचानक दगावण्याचा धोका वाढतो हे 1970 पर्यंतच्या अभ्यासांवरूनही कळण्यासारखं होतं. फक्त ते एकत्र ठेवून कोणी वाचले नव्हते. वेळेवर वाचले असते तर एकट्या ब्रिटनमध्ये 10,000 हून जास्त बाळं वाचली असती, आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून निदान 50,000. मी तेव्हा तुला म्हटलं, पण आपली ताई तर ठणठणीत आहे की. तू हळू आवाजात म्हणालास, आई, ताई ठणठणीत आहे हा पुरावा होत नाही. मला राग आला होता. आता ताई कधी मुक्कामाला आली की मी रात्री उठून एकदा तिच्या खोलीत डोकावते, एवढ्या मोठ्या बाईच्या.

म्हणून तू जे ते कंटाळवाणं काम म्हणतोस ना, सगळे अभ्यास शोधून काढायचे, कुठले शब्द टाकून शोधले ते लिहून ठेवायचं, कुठला अभ्यास का वगळला त्याची यादी करायची, ते मला कंटाळवाणं वाटत नाही. ते नीट कर. शोधायला बसायच्या आधीच लिहून ठेव की काय दिसलं तर तुझं मत बदलेल. आपल्याला हवा तो अभ्यास सापडला की शोधणं थांबवायचं आणि नको तो सापडला की त्यात खोट काढत बसायचं, हे माणसाचं होतंच, तुझंही होईल. सरांच्या ड्राफ्टवरही शंका घे आणि तुझ्या चूक सापडण्यावरही तेवढीच घे. आणि एका ठिकाणी चाललं म्हणून सगळीकडे न्या असं पटकन लिहू नकोस. ते तमिळनाडूचं तूच सांगितलं होतंस, 1980 मध्ये सुरू झालेला तो पोषणाचा प्रकल्प, मुलांना काय आणि कसं खायला घालायचं ते त्यांच्या आयांना समजावून सांगायचं, त्याचं चांगलं झालं म्हणून 1995 मध्ये बांगलादेशात तसाच केला, आणि तिथे तसं जमलं नाही, कारण बाजारात जायचा नवरा आणि घरात काय कोणाला वाढायचं ते ठरवायची सासू. समजावलं होतं सुनेला. अरे, हे कुठल्याही सुनेला विचारलं असतं तरी तिने पहिल्या दिवशी सांगितलं असतं! शिफारस लिहिशील तेव्हा हे विचार की त्या घरात ठरवतं कोण. आणि जिथे "दिसतं" आहे तिथे "सिद्ध झालंय" लिहू नकोस, कोणी कितीही म्हटलं तरी, आणि पैसे किती लागतील, आणि कोणाचं नुकसान होईल ते

झालं माझं शिकवणं सुरू. माफ कर. ज्या बाईने पेनं बदलून फॉर्म भरले तिने तुला हे सांगू नये खरं तर, आणि तू शिकलायस हे सगळं, मी ऐकीव बोलतेय.

तू सात वर्षांचा होतास तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर तुझी उंची लिहायचो आठवतंय? एकदा तुझी उंची कमी भरली आणि तू रडलास. मग तुझा तूच बसलास विचार करत आणि आम्हाला नियम घालून दिलेस, की पेन्सिल नेहमी बाबांनीच धरायची कारण आई डोक्यावर दाबते, चपला नाहीत, आणि नेहमी सकाळीच मोजायचं, कारण तू आठ दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून बघितलं होतंस आणि संध्याकाळी तू थोडासा बुटका भरायचास. आम्ही हसलो. पुढे कुठेतरी वाचलं की माणूस दिवसभरात खरंच थोडा कमी होतो, मणक्यांमधल्या गाद्या दबतात म्हणून. रंग दिला तेव्हा ती चौकट मी रंगवू दिली नाही, बाबा किती चिडले होते. तुला कधी बोलून दाखवलं नाही पण मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ती चौकट दाखवते.

तर आता सांगते. मी परवा बोलले ते मागे घेते. सरांना सांग. पण चारचौघांत मीटिंगमध्ये नको, आधी त्यांच्या खोलीत जाऊन सांग, हिशोब तीनदा तपासून, शीट बरोबर घेऊन, आणि "तुम्ही चुकलात" असं न म्हणता "मला हा आकडा वेगळा येतोय, माझं कुठे चुकतंय का बघाल का" असं विचार. हे घाबरटपणाचं वाटलं तर तसं म्हण, पण तुझंही चुकलेलं असू शकतं ना, म्हणून सुद्धा. आणि ते चिडले, तुला बाजूला काढलं, दुसऱ्या टेबलावर बसवलं, तर काय करायचं ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. इतके दिवस तेच तेच डोक्यात फिरतंय आणि उत्तर सापडत नाहीये. मला एवढंच माहितीये की मला कोणी तेव्हा विचारलं असतं, बाई, ही अकरा घरं तुम्ही पाहिलीत का, तर मी रडले असते पण खरं सांगितलं असतं. मी वाट बघत होते कोणीतरी विचारेल म्हणून.

रविवारी मी फोन करणार नाही. तू करशील तेव्हा उचलेन, रात्री केलास तरी चालेल, फोन उशाशीच असतो. काय झालं ते नाही विचारणार, तुला सांगावंसं वाटलं तर सांग. झोपत जा वेळेवर.

तुझी,
आई

ता.क. ताईला त्या फॉर्मचं सांगू नकोस. बाबांना आज रात्री सांगणार आहे, ताईला मी स्वतः सांगेन, ती आली की.